खारे पाणी आणि वाया जाणारी ऊब

लोणारचे सरोवर पाहायला गेलात तर वाचकहो, घाई करून थेट खाली उतरू नका. आधी काठावरच्या धारेपाशी थोडे थांबा. गोमुखातून पाणी पडत असते, यात्रेकरू त्याखाली अंघोळ करतात. ओंजळभर पिऊन पाहा. गोड आहे. हेच पाणी उतारावरून झिरपत खालच्या तळ्यात जाते, आणि तळ्याचे पाणी मात्र असे की गुरेसुद्धा तोंड लावीत नाहीत.

गोड पाणी आत जाते आणि खारे होऊन बसते, हे कसे? लवणासुराची कथा तुम्हाला ठाऊक असेलच. खालच्या सासू-सुनेच्या विहिरीची गोष्टही गावकरी रंगवून सांगतात. तिचे एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे, म्हणून ते नाव. गोष्ट गोड आहे, पण कारण त्याहून सोपे आहे. आकाशातून पडलेल्या अशनीने काळ्या कातळात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा हा खड्डा पाडला. त्यात पाणी यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. पाण्याला एकच वाट उरते, ती म्हणजे वरची. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि ती उडून जाते. पाण्याबरोबर आलेला खार मात्र उडत नाही, तो खालीच राहतो. वर्षानुवर्षे हेच चालले आहे. पूर्वी हा खार काढून त्याचा व्यापार होत असे. पापडी, खुप्पल, दल्ला अशी त्याच्या प्रतींची नावे होती. २०२० च्या जून महिन्यात तळे गुलाबी झाले आणि देशभर त्याचा बोभाटा झाला, तोही याच गोष्टीचा परिणाम होता. पाणी आटले, खार वाढला आणि खारात जगणारे सूक्ष्म जीव माजले.

हे एवढे ध्यानात ठेवा, पुढच्या सगळ्या प्रवासात उपयोगी पडेल. खारे पाणी तापले की दोन गोष्टी वेगळ्या होतात. वर जाते ते गोडे पाणी, खाली राहते ते मीठ. आपण काय धरायचे आणि काय सोडायचे, एवढाच प्रश्न.

लोणारहून मेहकर, तिथून खामगाव. मेहकरकडची विहीर म्हटली की सुरुंग आणि दगड आलेच. खामगाव सोडून शेगावच्या बाजूला लागलात की मुलूख सपाट होतो. डोंगर मागे राहतो आणि समोर पूर्णेचे खोरे पसरते. इथे कातळ शेकडो फूट खाली. वर सगळी काळी, चिकट, खोल माती. उन्हाळ्यात भेगा अशा की वासराचा पाय अडकावा, आणि पावसाळ्यात गाडीचे चाक निघू नये.

शेगावला महाराजांचे दर्शन घ्या आणि संग्रामपूरच्या रस्त्याला लागा. पूर्णेचा पूल ओलांडला की एखाद्या गावात उतरून विहिरीचे पाणी चाखा. धारेवर घेतली तशी ओंजळ नको, दोन थेंब पुरेत. हा खारपाण पट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून नऊशेच्या आसपास गावे त्यात येतात. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांना त्याची झळ आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गेलात तर पुन्हा गोडे पाणी, केळी, संत्र्यांच्या बागा. मधला हा पट्टा तेवढा मिठाचा.

तिथल्या बायकांना यात नवे काही सांगायला नको. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातले की फाटते. पाहुणा येणार असला की आधी गोड्या पाण्याची सोय पाहावी लागते. मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार या गावांत कित्येक वर्षे चालली आहे. त्याला पाण्यातला खारच कारण की आणखी काही, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. पण ज्या घरातला कर्ता माणूस डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा शहराच्या वाऱ्या करतो, त्या घराला हा वाद ऐकून काय समाधान होणार?

शेताचीही तीच गत. बोअर मारला आणि तेच पाणी पिकाला दिले तर पहिल्या-दुसऱ्या वर्षी बरे दिसते. मग जमीन घट्ट होते, वर पांढरी पापडी धरते आणि पावसाचे पाणीही आत मुरत नाही. म्हणून शहाणा शेतकरी इथे कपाशी, तूर, मूग, हरभरा पावसावर आणि शेततळ्यावर काढतो आणि बोअरच्या नादी लागत नाही.

आता थोडे इतिहासात जाऊ. १९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला समुद्रकाठी मीठ उचलले, हे शाळेत सगळेच शिकतात. पण वऱ्हाडात समुद्र कुठला? शेगावहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. वऱ्हाडच्या सत्याग्रहींनी खारपाण पट्ट्यातले दहीहांडा गाव निवडले. ते अकोला जिल्ह्यात आहे. त्याच महिन्यात तिथल्या खाऱ्या विहिरीचे पाणी काढून, आटवून त्यांनी मीठ केले आणि कायदा मोडला. समुद्र नसताना मिठाचा सत्याग्रह करणारा आपला मुलूख. आपल्या विहिरींचा एवढा अभिमान आपण फार ठिकाणी धरू शकत नाही, म्हणून ही गोष्ट मला आवडते.

पण पाहा, त्या दिवशी दहीहांड्याला काय झाले? कढईतले पाणी आटले, खाली मीठ राहिले, ते लोकांनी डोळ्यांना लावले. वर गेलेली वाफ हवेत विरली. ते गोडे पाणी होते, पण त्या दिवशी हवे होते मीठ. आज त्याच पट्ट्यात नेमके उलटे हवे आहे. वाफ हवी, मीठ नको.

तुम्ही म्हणाल, मग आटवा पाणी, धरा वाफ, कोणी अडवले? चूल अडवते. पातेलेभर पाण्याला उकळी फुटायला जेवढे सरपण लागते, त्याच्या सातपट सरपण ते पाणी पुरते आटवायला लागते. आपल्या साध्या चुलीवर एक लिटर पाणी आटवायचे तर किलोभर लाकूड तरी खर्ची पडेल. घरात पाच माणसे, नुसते प्यायला म्हटले तरी रोज पंधरा लिटर. गावाचे रान महिन्यात बोडके होईल. विकतच्या सरपणावर हा धंदा कोणालाच परवडत नाही, कारखान्यालाही नाही. परवडतो तो एकाच वेळी, जेव्हा ऊब फुकटची असेल. म्हणजे दुसऱ्या कामातून उरलेली, फेकून द्यायची ऊब.

ती कुठे असते? शेगावला गाडीत बसा आणि अकोल्याच्या दिशेने निघा. मध्ये पारस लागते. खिडकीतून औष्णिक वीज केंद्राची चिमणी दिसेल. आज तिथे अडीचशे मेगावॉटचे दोन संच आहेत. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचे, चक्राने वीज. पण कोळशात शंभर भाग उष्णता असेल तर वीज होते ती जेमतेम पस्तीस-अडतीस भागांची. काही चिमणीतून जाते, आणि जवळजवळ निम्मी त्या वापरलेल्या वाफेला पुन्हा पाणी करताना थंड पाण्याला द्यावी लागते. ते पाणी कोमट होते, मनोऱ्यात नेऊन निववतात आणि पुन्हा फिरवतात. निववताना त्यातले बरेच वाफ होऊन उडते. मनोऱ्यावर तो पांढरा लोट दिसतो तो धूर नव्हे, ती पाण्याची वाफ.

आणि हे पाणी गोडे असते बरे का. खारे चालत नाही, नळ्यांत खार धरतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये नियम केला की मनोरे असलेल्या जुन्या वीज केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. पाचशे मेगावॉटचे केंद्र चोवीस तास पुऱ्या भाराने चालले तर एक कोटी वीस लाख युनिटे होतात. नियमाच्या कमाल मर्यादेने धरले तर दिवसाला सव्वाचार कोटी लिटरच्या आत-बाहेर पाणी. जलजीवन योजनेच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने मोजले तर साडेसात लाख माणसांचे. मी वीज केंद्राच्या विरुद्ध बोलत नाही. आपल्या पंपालाही तीच वीज लागते. पण हिशेब माहीत असावा.

आता तुम्ही विचाराल, कोमट पाण्याने पाणी उकळते का? उकळते, आणि त्याची युक्ती तुमच्या घरात उलट्या रूपात आहे. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही आणि डाळ लवकर शिजते. याच्या उलट बंद भांड्यातली हवा पंपाने ओढून काढली, दाब कमी केला, तर पाणी चाळीस अंशांनाच उकळू लागते. हात घातला तर सोसेल अशा पाण्याला खळखळून उकळी. ती वाफ शेजारच्या थंड नळ्यांवर धरली की तिचे गोडे पाणी होते.

ही जादू नाही आणि नवीही नाही. कोकणातली कितीतरी माणसे जहाजांवर खलाशी आहेत, त्यांना विचारा. जहाजाचे इंजिन थंड ठेवणारे पाणी गरम होऊन येते, जसे तुमच्या शेतावरच्या डिझेल इंजिनातून येत असे. त्याच उबेवर, कमी दाबाच्या भांड्यात समुद्राचे पाणी आटवून जहाजावर गोडे पाणी करतात. आपल्या साखर कारखान्यातही याची बहीण आहे. उसाचा रस ओळीने मांडलेल्या बंद भांड्यांत आटवतात. पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी. एकाच उबेचा तीन-चार वेळा उपयोग. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या मराठी माणसांच्या नळाला आलेले पाणीही पुष्कळदा वीज केंद्रातल्या वाफेवर समुद्रातून काढलेले असते.

महाराष्ट्रात हे पाहायचे तर गाडी बदलून मुंबई गाठायला हवी. घारापुरीच्या लेण्यांकडे लाँचने जाताना ट्रॉम्बेचा किनारा दिसतो. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. आत कोणालाही सहज जाऊ देत नाहीत, आपणही लांबूनच पाहू. तिथली सायरस नावाची अणुभट्टी १९६० मध्ये सुरू झाली. ती विजेसाठी नव्हती, संशोधनासाठी होती, म्हणून तिची सगळी उष्णता समुद्राच्या पाण्याला देऊन फेकावीच लागे. केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००४ च्या सुमारास तिच्या फेकायच्या उबेला एक छोटे संयंत्र जोडले. दिवसाला तीस हजार लिटर, म्हणजे मोठे तीन टँकर, समुद्राच्या पाण्यापासून. भट्टीचे पाणी आणि समुद्राचे पाणी एकमेकांना लागू नये म्हणून मध्ये वेगळ्या पाण्याचा एक फेरा ठेवला होता. किरणोत्साराची भीती तुमच्या मनात आली असेल, तिचा बंदोबस्त तो. तयार पाणी इतके शुद्ध की ते भट्टीच्याच कामाला वापरता येई. भट्टी २०१० च्या ३१ डिसेंबरला कायमची बंद झाली. पुढे कोळशाच्या वीज केंद्रावरही असा प्रयोग झाला. उत्तर चेन्नईच्या औष्णिक केंद्रात राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००९ मध्ये रोज दीड लाख लिटरचे नमुन्याचे संयंत्र उभारले.

मग पारसला का नको? एका बाजूला फेकली जाणारी ऊब, आणि तिथून फार लांब नाही असा खारपाण पट्टा. मीही गाडीच्या खिडकीशी बसून हाच मनातला मांडा खाल्ला. पण खाली उतरून विचार करू लागलो की तीन अडचणी समोर येतात.

ऊब एका जागी आहे आणि खाऱ्या विहिरी नऊशे गावांत विखुरलेल्या. खारे पाणी पारसला न्यायचे आणि गोडे परत आणायचे, तर नळ दुहेरी लागतील. त्यापेक्षा वान धरणाचे गोडे पाणी एका नळाने आणणे सोपे, आणि जळगाव जामोद-संग्रामपूरसाठी १४० गावांची योजना त्याच धरणावर झाली. दुसरे, समुद्रकाठी वाफ निववायला समुद्रच असतो. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि चाळीस अंशांची वाफ निववायला थंड जागा आणायची कुठून? नेमके ज्या महिन्यांत पाणी हवे त्याच महिन्यांत यंत्र मंदावणार.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, आणि ती फक्त उबेच्या यंत्राची नाही. मीठ टाकायचे कुठे? ट्रॉम्बेला उरलेले जास्त खारे पाणी समुद्रात परत जाई, समुद्राला त्याचे काही वाटत नाही. आपल्या गावाचे काय? आज खारपाण पट्ट्यात ठिकठिकाणी आर. ओ.ची यंत्रे बसली आहेत. त्यांत ऊब नाही, पंपाने दाबून पाणी बारीक पडद्यातून काढतात. विहिरीच्या पाण्याचा खार समुद्राच्या मानाने पुष्कळ कमी, त्यामुळे वीजही थोडी लागते. विहिरीसाठी आज तेच यंत्र योग्य, हे मान्य करायला हवे. पण शंभर लिटर घातले तर कित्येक यंत्रांतून निम्मे किंवा त्याहून जास्त पाणी आणखी खारे होऊन बाहेर येते. ते कुठे जाते, हे तुम्ही कधी यंत्राच्या मागे जाऊन पाहिले आहे? बहुतेक ठिकाणी नालीत. नाली ओढ्याला, ओढ्याचे पाणी मातीत. जे मीठ कॅनमधून काढले ते पुन्हा विहिरीच्या वाटेला लावले. पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या घट्ट मातीतून ते लवकर कुठे जातही नाही. लोणार झाले ते असेच.

इथे मात्र फुकटची ऊब खरेच कामाची ठरेल असे मला वाटते. यंत्राचे टाकाऊ पाणी नालीत न सोडता उथळ पक्क्या हौदात, तळाला जाड प्लास्टिक घालून उन्हात आटवावे. वऱ्हाडच्या उन्हाइतकी वाया जाणारी ऊब दुसरी कुठली? मीठ गोळा होईल, ते निदान हातात तरी राहील. आणि पारससारख्या केंद्राने बॉयलरला लागणारे शुद्ध पाणी तरी आपल्याच उबेवर खाऱ्या पाण्यातून काढावे. एकूण खर्चात तो वाटा लहान आहे, पण तेवढे गोडे पाणी धरणात राहील, आणि हे काम केंद्राच्या आवारातच होईल, दुहेरी नळ लागणार नाहीत. ग्रामसभेत आर. ओ.चा विषय निघाला तर किंमत आणि कॅनचा दर विचारून थांबू नका, टाकाऊ पाणी कुठे सोडणार हेही लिहून घ्या. आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्या. कागदावर विरघळलेल्या क्षारांचा आकडा असतो. लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. त्यापुढे पिऊ नये.

उन्हाने पाणी गोडे करण्याचाही प्रयोग गावपातळीवर झालेला आहे. गुजरातेत भावनगरजवळच्या अवाणिया गावी १९७८ मध्ये तिथल्या मीठ संशोधन संस्थेने काचेची छपरे घातलेले हौद बांधले होते, रोज पाच हजार लिटरचे. जागा फार लागते. एका चौरस मीटरच्या हौदातून दिवसाला दोन-तीन लिटर, फार तर चार. गावाला ते पुरे पडणार नाही, पण तत्त्व तुम्हाला घरीच पाहता येईल.

पोरांना सुट्टी असेल तेव्हा करा. अंगणात ऊन लागेल अशा जागी हातभर रुंद, वीतभराहून थोडा खोल खड्डा घ्या आणि तळाला प्लास्टिक पसरा. त्यात विहिरीचे खारे पाणी चार बोटे ओता. मध्ये स्वच्छ वाडगा ठेवा, कडा पाण्याच्या वर राहील असा, आणि तरंगू नये म्हणून त्याखाली सपाट दगड. वरून स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणा, कडेने माती दाबून वारा आत जाणार नाही असे करा. कागदाच्या मधोमध, बरोबर वाडग्याच्या वर, एक खडा ठेवा म्हणजे कागद तिथे खोल जाईल. दुपारपर्यंत कागदाच्या आतून थेंब धरू लागतील आणि खड्याखालून वाडग्यात पडतील. संध्याकाळी कपभर पाणी निघाले तरी पुष्कळ. ते उकळून त्याचा चहा टाका, आणि शेजारच्या चुलीवर विहिरीच्या पाण्याचा. दूध कुठल्या भांड्यात फाटते ते पोरांनाच पाहू द्या.